दर्यापासून नदीकडे

मुलांनो, उर्दूत 'दर्या' म्हणजे नदी. मराठीत मात्र 'दर्या' म्हणजे समुद्र. अंधेरीजवळच्या वर्सोव्याचे अफरोज शाह हे या दोन्ही दर्यांसाठी झटले. ते पेशाने वकील.

ऑक्टोबर २०१५ मध्ये त्यांनी ८४ वर्षांच्या एका शेजाऱ्यांना सोबत घेऊन वर्सोव्याचा किनारा साफ करण्यास सुरुवात केली. प्रारंभी दोघेच होते. पुढे कोळी बांधव, विद्यार्थी, झोपडपट्टीतील रहिवासी, इतकेच काय, सिनेकलावंतही येऊ लागले. २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाने शाह यांना पर्यावरणाचा सर्वोच्च सन्मान दिला. पण सन्मानाने कचरा थोडाच हटतो! नोव्हेंबर २०१७ मध्ये स्वयंसेवकांना शिवीगाळ झाली, गोळा केलेला कचराही उचलला जाईना. तेव्हा काम काही दिवस बंद पडले. ते पुन्हा सुरू झाले आणि मार्च २०१८ मध्ये त्याच वाळूतून ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्ले समुद्राकडे जाताना लोकांनी पाहिली.

तरी भरतीबरोबर नवा कचरा येतच होता. तो येतो कोठून? नाल्यांतून आणि नद्यांतून. म्हणून शाह मिठी नदीकडे वळले.

मिठी नदी विहार व पवई या तलावांच्या जादा पाण्यातून सुरू होते. साकीनाका, कुर्ला असे सुमारे १८ किलोमीटर वाहत ती माहीमच्या खाडीला मिळते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. भराव व कचरा यांमुळे नदीचे पात्र अरुंद झालेले, त्यातच समुद्राला भरती. पाणी घराघरांत शिरले. ती रात्र कशी गेली, हे तुमच्या आईवडिलांना जरूर विचारा.

कायदे नाहीत असे नाही. पाणी दूषित करण्यास मनाई करणारा कायदा १९७४ चा आहे. प्लॅस्टिकची वेष्टने गोळा करण्याची जबाबदारी ती बाजारात आणणाऱ्यांचीही आहे, असे २०१६ चे नियम सांगतात. पण कायदा रोज सकाळी प्रत्येकाच्या मोरीपाशी उभा राहू शकत नाही. म्हणून नदीत उतरून कचरा काढण्याबरोबरच शाह काठावरच्या वस्त्यांत गेले. घरातले प्लॅस्टिक वेगळे ठेवा, असे ते तेथे सांगू लागले. माझ्या मते नदीचे खरे काम हेच.

आता तुमच्या घरचे उदाहरण घ्या. दुधाची पिशवी कापताना आपण तिचा कोपरा तोडून टाकतो. पिशवी भंगारवाला नेतो; तो इवलासा तुकडा मात्र कोणीच वेचत नाही. पाण्याबरोबर तो गटारात, गटारातून नाल्यात जातो. कोपरा पुरता न तोडता पिशवीलाच लटकत ठेवला, तर तोही तिच्याबरोबर भंगारात जाईल.