गॅरेजातले विमान

आपल्याकडे 'गॅरेज' म्हटले की डोळ्यांपुढे येते ते पत्र्याचे छप्पर, तेलाने माखलेली जमीन आणि पाना हाती घेतलेला एखादा पोरगेला मिस्त्री. अमेरिकेत या शब्दाचा अर्थ घरची मोटार ठेवण्याची खोली असा आहे. आणि तिथले काही हौशी लोक मोटार बाहेर उभी करून त्या खोलीत चक्क विमान बांधतात! वाचकांना ही थाप वाटेल, पण अशी घरी बांधलेली हजारो विमाने आज तिकडे उडत आहेत.

याची रीत मोठी मौजेची आहे. कारखान्याकडून विमानाचा संच लाकडी पेट्यांतून घरी येतो. त्यात भोके पाडून ठेवलेले अॅल्युमिनियमचे पत्रे, फासळ्या, रिव्हेटांच्या पुड्या आणि नकाशांचे जाडजूड बाड असते. इंजिन आणि पुढचा पंखा बहुधा निराळा विकत घ्यावा लागतो. निम्म्याहून अधिक काम हौशी माणसाने स्वतः शिकण्यासाठी वा करमणुकीसाठी केले पाहिजे, असा तिथला नियम आहे. नोकरी सांभाळून शेपटापासून सुरुवात करायची, मग पंख, मग धड. यात कित्येकांची पाचसात वर्षे सहज जातात.

परंतु या उद्योगातली मला सर्वांत मोलाची वाटलेली गोष्ट पेटीतून येत नाही. अशा हौशी लोकांनी १९५३ साली अमेरिकेत आपली एक संघटना काढली. तिचे अनुभवी सभासद नवख्याच्या घरी जातात. पंखाचा शेवटचा पत्रा बसवून तो बंद करण्यापूर्वी आतले रिव्हेट आणि सांधे तपासतात, चुकले असेल तर काढून पुन्हा करायला सांगतात. पुढे सरकारी तपासणी होते, आणि त्यानंतरही आरंभीचे पंचवीस किंवा चाळीस तास साधारणपणे विरळ वस्तीवरूनच, पाहुण्यांना न बसवता, उड्डाण करावे लागते.

आपल्या महाराष्ट्रातही असा एक वेडा पीर निघाला. कॅप्टन अमोल यादव हे व्यवसायाने वैमानिक. मुंबईत कांदिवलीच्या चारकोप भागात राहत्या इमारतीच्या गच्चीवर त्यांनी सहा आसनांचे विमान बांधले. फेब्रुवारी २०१६ मध्ये ते मुंबईच्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात लोकांनी पाहिले. मात्र खरी कसोटी कागदांची होती. नोंदणीसाठी २०११ साली खटपट सुरू झाली. नोंदणी मिळाली नोव्हेंबर २०१७ मध्ये आणि उड्डाणाची परवानगी ऑक्टोबर २०१९ मध्ये. २०२० साली धुळ्याला त्याच्या चाचण्या झाल्या. विमान बांधण्याइतकाच धीर त्यांना कचेऱ्यांचे उंबरठे झिजवताना लागला असेल.

आता आमच्या यवतमाळ जिल्ह्यातली गोष्ट. महागाव तालुक्यातले फुलसावंगी हे गाव. तिथला चोवीस वर्षांचा एक तरुण वेल्डर, शाळा आठवीतच सुटलेली. चित्रफिती पाहून पाहून त्याने एका माणसाचे हेलिकॉप्टर बांधायला घेतले. त्याच्याजवळ संच नव्हता, नकाशांचे बाड नव्हते. नळ्या जोडून सांगाडा केला आणि मारुती ८०० मोटारीचे इंजिन बसवले. त्याच्या लाडक्या नावावरून यंत्र 'मुन्ना हेलिकॉप्टर' झाले. १५ ऑगस्टला ते लोकांना दाखवायचे होते. १० ऑगस्ट २०२१ च्या रात्री जमिनीवरच चाचणी चालू असताना मागच्या पंख्याचे पाते तुटले, ते वरच्या मोठ्या पंख्यावर आदळले, आणि त्या आघातात डोक्याला मार लागून तो तरुण गेला.

हेलिकॉप्टर हे विमानाहून अवघड प्रकरण. मोठा पंखा एका दिशेने फिरला की खालचे धड उलट दिशेने गरगरू पाहते. त्याला आवरण्यासाठी शेपटीचा छोटा पंखा असतो. वेगाने फिरणाऱ्या पात्याला बाहेर फेकू पाहणारी ओढ त्याच्या वजनाच्या शेकडो पटींनी असते. वेल्डिंगच्या उष्णतेने धातूचा गुण बदलतो आणि केसाएवढी भेग नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. ती दिसावी म्हणून रंगीत द्रव लावून पुसतात व वर पांढरी भुकटी टाकतात. भेग असली तर तिची रेघ उमटते. पहिल्यांदा इंजिन चालवताना यंत्र बांधून ठेवायचे आणि पंख्यांच्या टप्प्यात कोणी राहायचे नाही, हीसुद्धा शिकण्याचीच गोष्ट.

त्या मुलाची ही चूक, असे म्हणून मोकळे होणे मला जमत नाही. हात त्याचे कसबी होते, जिद्द अस्सल होती. कांदिवलीच्या वैमानिकामागे विमानविद्येचे रीतसर शिक्षण होते आणि पुढे तपासणारे सरकारी खाते होते. फुलसावंगीच्या वेल्डरला विचारायला जवळ कोणीच नव्हते. जिल्ह्यात आय.टी.आय. आहेत, अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. अशा पोराला परवाना देणे त्यांच्या हाती नाही, पण आठवड्यातून एक संध्याकाळ दार उघडे ठेवणे खास आहे.

गावोगावच्या गॅरेजांत अशी मुले आजही असतील. त्यांच्यासाठी टाळ्या वाजवणारे पुष्कळ भेटतात. "थांब बाबा, चालू करू नकोस, हे पाते आधी मला पाहू दे," असे म्हणणारा एक जाणता माणूस मात्र वेळेवर भेटला पाहिजे.