हातोहात फिरणारी गाणी

मुलांनो, मधल्या सुट्टीनंतरचा तास कसा असतो ते कुठल्याही बाईंना विचारा. डबे खाऊन झालेले, डोळे जड झालेले आणि फळ्यावर अपूर्णांक! हिंजवडीतल्या माझ्या पाचवीच्या वर्गात गेल्या वर्षी अशाच एका तासाला मागच्या बाकावरून आवाज यायला लागला. धुम्... टक्. धुम् धुम्... टक्. मी वळले की बंद, फळ्याकडे तोंड केलं की चालू. शेवटी पकडलाच! परभणीकडून आलेला, एरवी तोंडातून अक्षर न काढणारा मुलगा. मी त्याला चांगलं रागावले आणि तास संपेपर्यंत उभं ठेवलं.

तास संपल्यावर त्याचा शेजारी माझ्या टेबलापाशी आला आणि हळूच म्हणाला, "बाई, तो रॅप करतो. लय भारी करतो. पण तुमच्यासमोर नाही करणार."

रॅप! माझ्या कपाळाला आठी पडली. रॅप म्हणजे शिव्या, रॅप म्हणजे गळ्यात जाडजूड साखळ्या, एवढीच माझी माहिती. तुमच्या आईबाबांचीही कदाचित तेवढीच असेल. म्हणून हा लेख वाचून झाला की त्यांच्या हातात द्या बरं का.

पण "तुमच्यासमोर नाही करणार" हे वाक्य काही मनातून जाईना. ज्या मुलाचा आवाज मी वर्षभरात नीट ऐकला नव्हता, तो बाहेर लय भारी काहीतरी करतो आणि मला त्याचा पत्ता नाही! मग मी ठरवलं, आधी आपण ऐकायचं. हिंजवडीची वाहतूक तुम्हाला ऐकून माहीत असेलच. वाकडच्या पुलापाशी बस अडकली की ऐकायला वेळच वेळ. महिनाभर मी येता-जाता रॅप ऐकला, त्याबद्दल मिळेल ते वाचलं. त्यातली गंमत आता तुम्हाला सांगते.

गोष्ट सुरू होते शाळेच्या कपड्यांपासून. 11 ऑगस्ट 1973. अमेरिकेत न्यूयॉर्क शहराचा ब्रॉन्क्स नावाचा भाग, गरीब वस्तीचा. सिंडी कॅम्पबेल नावाच्या मुलीला शाळा सुरू होण्याआधी नवे कपडे घ्यायचे होते आणि पैसे हवे होते. तिने काय करावं? 1520 सेजविक ॲव्हेन्यू या आपल्या इमारतीतल्या हॉलमध्ये नाचगाण्याची पार्टी ठेवली. हाताने लिहिलेली आमंत्रणं वाटली. तिकीट मुलींना 25 सेंट, मुलग्यांना 50 सेंट! रेकॉर्ड लावायला तिचा भाऊ क्लाइव्ह. हे कुटुंब मूळचं जमैकाचं. या भावाला सगळे डीजे कूल हर्क म्हणायचे.

हर्कने एक गोष्ट हेरली होती. गाण्यात मध्येच काही क्षण गाणारा थांबतो आणि नुसते ड्रम वाजतात, तेव्हा नाचणाऱ्यांना खरा चेव येतो. पण तो तुकडा लगेच संपतो. मग हर्कने एकाच गाण्याच्या दोन रेकॉर्ड घेतल्या आणि दोन प्लेअरवर ठेवल्या. एकीवरचा ड्रमचा तुकडा संपायच्या आत दुसरीवर तोच तुकडा सुरू! दुसरी वाजते तोवर पहिली हाताने मागे फिरवायची. काही सेकंदांचा तुकडा हवा तितका लांबवता येऊ लागला. त्या ठेक्यावर नाचणाऱ्यांना हाका मारता मारता, यमकं जुळवता जुळवता रॅप वाढला. हे संगीत, हा नाच आणि भिंतींवरची रंगीत अक्षरं, या सगळ्याला मिळून म्हणतात हिप हॉप.

आता गंमत पाहा. रेडिओवर हे संगीत लागत नव्हतं. दुकानात त्याची रेकॉर्ड मिळत नव्हती. 'रॅपर्स डिलाइट' ही गाजलेली रेकॉर्ड आली ती 1979 मध्ये. म्हणजे मधली सहा वर्षं हे गाणं लोकांपर्यंत पोचलं कसं? कॅसेटवरून! पार्टीत कुणीतरी टेपरेकॉर्डर चालू करायचा, त्या कॅसेटवरून दुसरी, दुसरीवरून तिसरी. पुढे डीजे लोक निवडक गाणी आणि ठेके जोडून स्वतःच कॅसेट भरू लागले. तीच मिक्सटेप. आणि ज्यामागे मोठी कंपनी नाही, जाहिरात नाही, जे एकाकडून दुसऱ्याकडे असं सरकत जातं, ते अंडरग्राउंड संगीत. अंडरग्राउंड म्हणजे जमिनीखालचं नव्हे आणि चोरीचंही नव्हे!

कॅसेट हा शब्द वाचून आईबाबांचे डोळे चमकले की नाही बघा. मी चौथीत असताना माझा मामा कॅसेट भरून आणायचा. आपल्याला हव्या त्या गाण्यांची यादी आणि कोरी कॅसेट बाजारातल्या दुकानात द्यायची, दोन दिवसांनी भरलेली कॅसेट घ्यायची. साठ मिनिटांची असेल तर दोन्ही बाजूंना तीस-तीस मिनिटं. मामा यादी लिहायला तास तास लावायचा. पहिलं गाणं कुठलं, त्यानंतर कुठलं, बाजू बदलली की कशाने सुरुवात करायची. कारण ती कॅसेट आजीसाठी असायची किंवा मावशीच्या लग्नासाठी. कॅसेट भरली की तिच्या वरच्या कडेची दोन छोटी प्लॅस्टिकची टोकं तो मोडून टाकायचा. ती मोडली की तिच्यावर चुकून दुसरं काही रेकॉर्ड होत नसे. ती टोकं मोडायचा मान माझा होता. तुम्हाला हे सुख ठाऊक नाही, त्याला माझा इलाज नाही!

हे सगळं अमेरिकेतून आलं असं मात्र समजू नका. आपल्याकडे कलगी-तुऱ्याचे सामने होत. एक बाजू शक्तीला मोठं मानणारी, ती कलगीवाल्यांची. दुसरी शिवाला मोठं मानणारी, ती तुरेवाल्यांची. एकाने डफावर कोडं घालायचं, दुसऱ्याने तिथल्या तिथे कवनातून उत्तर द्यायचं. रात्र सरायची, पण सवाल-जवाब सरायचे नाहीत. आजच्या रॅपमध्ये दोघं समोरासमोर उभे राहून लढतात, ते याहून फार वेगळं आहे का, सांगा. कोकणात शक्ती-तुरा आजही रंगतो.

आणि वामनदादा कर्डक! 1922 साली नाशिक जिल्ह्यात सिन्नर तालुक्यातल्या देशवंडी गावी जन्मले. लहानपणी शाळा मिळाली नाही, मुंबईत गिरणीत कामाला असताना मोठेपणी अक्षरं शिकले, आणि मग बाबासाहेब आंबेडकरांवर आणि गोरगरिबांच्या जगण्यावर आयुष्यभर गाणी रचली. ती गाणी गावोगावच्या गायकांच्या वह्यांतून, मुखातून फिरली. पुढे कॅसेटचा जमाना आला, तेव्हा दरवर्षी 6 डिसेंबरला दादरच्या चैत्यभूमीवर आणि दसऱ्याला नागपूरच्या दीक्षाभूमीवर भीमगीतांच्या कॅसेटचे ढीगच्या ढीग लागायचे. लोक पुस्तकं आणि कॅसेट घेऊन गावी परतायचे. कुठल्याही रेडिओच्या भरवशावर ही गाणी थांबली नाहीत.

मग आपल्याकडे आजच्यासारखा रॅप कधी आला? 1992 मध्ये बाबा सेहगलचं 'ठंडा ठंडा पानी' गाजलं, तेव्हा पुष्कळांनी रॅप हा शब्द पहिल्यांदा ऐकला. पण ती बरीचशी मौज होती. आपल्या गल्लीबद्दल, आपल्या भाषेत बोलणारा रॅप वाढला तो त्यानंतर कितीतरी वर्षांनी. अंधेरीच्या जे. बी. नगरातल्या विवियन फर्नांडिसने शाळेतल्या मित्राच्या अंगावर एका अमेरिकन रॅपरचा टी-शर्ट पाहिला आणि हा कोण म्हणून चौकशी केली. एवढ्याशा चौकशीतून तो 'डिव्हाइन' झाला! कुर्ल्याचा नावेद शेख म्हणजे 'नेझी'. त्याने 2014 मध्ये आयपॅडवरच गाणं रेकॉर्ड केलं, आयपॅडवरच त्याचं चित्रीकरण केलं आणि इंटरनेटवर टाकलं. 'आफत' त्याचं नाव. 2015 मध्ये दोघांनी मिळून 'मेरे गली में' केलं. या दोघांच्या जगण्यावरून सुचलेला 'गली बॉय' हा सिनेमा 2019 मध्ये आला, तेव्हा कुठे मोठ्या माणसांचं लक्ष गेलं. पोरांना आधीच ठाऊक होतं.

धारावीत 2015 पासून 'द धारावी ड्रीम प्रोजेक्ट'ने शाळा सुटल्यावरची हिप हॉपची शाळा चालवली. फी नाही. रॅप, नाच, तोंडाने ठेका धरायचं बीटबॉक्सिंग, भिंतींवरची चित्रं असं सगळं तिथे शिकवलं गेलं. मला स्वतःला सगळ्यांत आवडली ती 'माही जी' या नावाने रॅप करणारी मधुरा घाणे. ती महादेव कोळी या आदिवासी समाजातली आहे आणि तिच्या गाण्यांत जंगल, पाणी, डोंगरातली माणसं येतात. मुलींनो, रॅप हा काही मुलग्यांचा मक्ता नाही!

आता पुण्याचं नाव निघाल्यावर एमसी स्टॅनला कसं विसरणार? ताडीवाला रोडच्या वस्तीत वाढलेला हा मुलगा. 2020 मध्ये त्याचा 'तडीपार' आला आणि फेब्रुवारी 2023 मध्ये तो 'बिग बॉस' जिंकला. माझ्या वर्गातल्या निम्म्या पोरांची केसांची वळणं त्याच्यावरून! त्याच्या बऱ्याच गाण्यांत शिव्या आहेत, ती मी वर्गात लावणार नाही आणि तुम्हीही धाकट्या भावंडांसमोर लावू नका. पण एक सांगते. शिव्या वजा करून पाहिलं तरी खाली बरंच काही उरतं. वस्तीत राहणाऱ्याकडे लोक कसं पाहतात, पैसा नसला की काय होतं, आई कशी राबते. हे उरलेलं ऐकायला मी फार उशीर केला.

पालकांनो, एक साधी खूण. गाणी ऐकायच्या ॲपवर गाण्याच्या नावाशेजारी छोट्या चौकोनात इंग्रजी 'ई' हे अक्षर दिसलं, तर त्यात मोठ्यांची भाषा आहे असं समजा. मात्र 'बंद कर ते!' म्हणण्याआधी एकदा 'यात तुला काय आवडलं?' असं विचारून पाहा. मी विचारलं. उत्तर आलं, "बाई, तो आमच्यासारखं बोलतो."

नवं गाणं शोधायचं कसं, हेही पोरांनीच मला शिकवलं. ॲपची एक खोड असते. काल तुम्ही जे ऐकलं त्याचीच भावंडं ते आज तुमच्यापुढे आणून उभी करतं. त्यापेक्षा धागा पकडायचा. आवडलेल्या गाण्याखाली बारीक अक्षरांत नावं असतात. ठेका कुणी बनवला, सोबत कोण गायलं. त्यांपैकी अनोळखी नाव धरायचं आणि त्याच्या गाण्यांकडे जायचं. असं करत करत आम्ही मुंबईच्या 'स्वदेशी' या गटापर्यंत पोचलो. त्यांनी आरे जंगलातले आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर यांना सोबत घेऊन गाणं केलं आहे. आणि मित्राला गाणं सांगताना पन्नास गाण्यांची लिंक पाठवायची नाही. एकच सांगायचं, आणि ते त्यालाच का सांगतोय तेही सांगायचं. हा नियम आमच्या वर्गातल्या एका मुलीचा. मामा असता तर त्याने तिची पाठ थोपटली असती.

मग एका शनिवारी मी टेबलावर बोटांनी ठेका धरला. एक, दोन, तीन, चार. एक आणि तीनवर जड धुम्, दोन आणि चारवर टक्. वर्ग हसायला लागला, कारण माझा ठेका चुकत होता! मागच्या बाकावरून तो उठला, पुढे आला, माझा ठेका नीट केला आणि खाली मान घालून म्हणाला :

विसाव्या मजल्यावर बाप माझा चढतो,
खाली पत्र्याच्या खोलीत मी पाढे पढतो.
पाऊस आला की पत्रा ताडताड वाजतो,
फुकटची बीट गड्या, त्यावर मी गाजतो!

तुम्हाला आयटी पार्कच्या काचेच्या इमारती माहीत असतील. त्या बांधणाऱ्यांची मुलं माझ्या वर्गात असतात. नांदेड, परभणी, बीड, कलबुर्गी, बिहार, कुठून कुठून आलेली. एक इमारत उभी राहिली की मुक्काम हलतो. दिवाळीनंतर त्याचाही हलणार होता. त्याच्या वडिलांच्या साध्या फोनमध्ये मेमरी कार्ड बसत होतं. वर्ग म्हणाला, आपण त्याला मिक्सटेप द्यायची. पण दुसऱ्यांची गाणी भरून नाही, आपली.

दोन आठवडे नुसता धुडगूस! एकीने आजीची जात्यावरची ओवी रेकॉर्ड करून आणली. एकाने आईचं कन्नड गाणं आणलं. गावातल्या मुलाने चैत्रातल्या म्हातोबाच्या बगाडाचा आवाज आणला, हलगी आणि गर्दीसकट. दोघांनी हिंजवडीच्या चौकातले हॉर्न जोडून ठेका केला, त्यावर एकीने रॅप केला. कशानंतर काय यावरून दोनदा भांडणं झाली, एकदा रडारड. शेवटी नऊ रेकॉर्डिंग ठरली. पहिलं त्याचंच. इंटरनेटवर टाकू या असं काहीजणांचं म्हणणं होतं, पण मुलांचे आवाज असे कुणाच्याही हाती जाऊ नयेत म्हणून मी नाही म्हटलं. यावर माझ्याशी दोन मुलं अजून भांडतात.

तो गेला. त्याची जागा रिकामी राहिली आणि मधल्या सुट्टीनंतरचा तास फारच शांत झाला.

फेब्रुवारीत त्याचा चुलता, जो अजून हिंजवडीतच कामाला आहे, शाळेच्या फाटकापाशी आला आणि कागदात गुंडाळलेलं ते कार्ड देऊन गेला. आम्ही ते लावलं. त्यावर नऊच्या जागी बारा गाणी होती. दहावं त्याचं नवं. अकरावं त्याच्या नव्या वस्तीतल्या कुणा मुलाचं, तोंडाने ठेका धरलेलं. बारावं एका लहान मुलीचं, मागे पत्र्यावर पाऊस पडावा तसा आवाज. भर फेब्रुवारीत! ती पत्र्यावर बोटं वाजवत असणार, असं वर्गाने ठरवून टाकलं. तिची भाषा मात्र कुणालाच ओळखता येत नाही. कुणी म्हणतं बंगाली, कुणी म्हणतं उडिया. बिहारचा मुलगा म्हणतो, भोजपुरी तर नक्कीच नाही. रोज मधल्या सुट्टीनंतर आम्ही ते पुन्हा एकदा ऐकतो.