रोज एक जवान: सव्वातीन वर्षांचा हिशेब

ऑस्ट्रेलियाची राजधानी कॅनबेरा इथल्या युद्धस्मारकाच्या कांस्यपट्ट्यांवर सुमारे 1,03,000 नावं आहेत. नावापुढे हुद्दा लिहिलेला नाही. 17 एप्रिल 2013 पासून रोज संध्याकाळी, स्मारक बंद व्हायच्या वेळी, यांतल्या एकाचीच हकिकत वाचून दाखवतात: कुठल्या गावचा, काय काम करायचा, घरी कोण होतं, कुठे पडला. मग बिगुल वाजतो आणि लोक घरी जातात. या गतीने सगळी नावं पुरी व्हायला 282 वर्षं लागतील. आज तिथे हजर असलेल्या कुणालाही शेवटचं नाव ऐकायला मिळणार नाही, हे ठाऊक असूनही त्यांनी काम हाती घेतलं आहे.

हाच हिशेब रायपुरात बसून मांडून पाहू. 2000 साली छत्तीसगड राज्य झालं. तेव्हापासून माओवाद्यांशी लढताना राज्यात 1,200 हून अधिक पोलीस आणि केंद्रीय दलांचे जवान मारले गेले. रोज एकाची हकिकत सांगायची म्हटली तर 1,200 जणांना सव्वातीन वर्षं पुरतात. राज्य सरकारच्या एका कार्यकाळात हे काम आटोपून वर दीड वर्षाहून जास्त वेळ उरतो. तेव्हा ‘एवढ्या साऱ्यांचं कुठे लिहीत बसणार’ ही सबब टिकत नाही.

आपल्या स्मरणात काय उरतं ते पाहा. 15 मार्च 2007, राणीबोदली: 55. 6 एप्रिल 2010, ताडमेटला: 76. 24 एप्रिल 2017, बुरकापाल: 25. 3 एप्रिल 2021, टेकलगुडा: 22. गावाचं नाव आणि पुढे आकडा. शवपेट्या रायपूरच्या माना विमानतळावरून आपापल्या राज्यांत रवाना होतात, दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात छोट्या चौकटी छापून येतात, आणि आठवड्याभरात आकडा तेवढा मागे राहतो. सीमेपलीकडे गडचिरोलीतही हेच झालं. 2009 या एका वर्षात मरकेगावला 15, हत्तीगोट्याला 16 आणि लाहेरीला 17 पोलीस गेले. नऊ महिन्यांत 48 घरांचं कर्तं माणूस गेलं. हत्तीगोट्याच्या 16 जणांत पाच महिला पोलीस होत्या. आज विदर्भातल्या किती वाचकांना त्यांतलं एक तरी नाव सांगता येईल?

नावं मुळीच लिहिली जात नाहीत, असं म्हणणं अन्यायाचं होईल. दिल्लीच्या चाणक्यपुरीत 21 ऑक्टोबर 2018 ला राष्ट्रीय पोलीस स्मारक खुलं झालं, तेव्हा त्याच्या भिंतीवर 34,844 नावं होती. चार महिन्यांनी, 25 फेब्रुवारी 2019 ला, इंडिया गेटजवळ राष्ट्रीय युद्ध स्मारक झालं. तिथल्या ग्रॅनाइटच्या विटांवर 25,942 सैनिकांची नावं कोरली गेली. दरवर्षी 21 ऑक्टोबरच्या पोलीस स्मृतिदिनी परेड उभी असते आणि वर्षभरात कामी आलेल्यांची नावं वाचली जातात. ही शिस्त चांगलीच आहे. पण नाव, हुद्दा, दल आणि राज्य एवढ्यावरून तो माणूस कसा होता ते कळत नाही. तो आधी शेती करायचा की दुकानात होता, शाळा कुठवर झाली, भरतीला कितव्या खेपेला लागला, हे भिंतीवर मावत नाही आणि दुसरीकडे कुठे एकत्र ठेवलेलंही नाही.

ऑस्ट्रेलियाकडे ही माहिती आली कुठून? पहिल्या महायुद्धाच्या वेळी त्या देशाची लोकसंख्या 50 लाखांच्या आत होती. 4,16,809 जण भरती झाले, 60,000 हून अधिक मेले. युद्ध संपल्यावर, आईबाप हयात असतानाच, घरोघरी एक छापील प्रश्नपत्रक पाठवलं गेलं. जन्म कुठला, शाळा कोणती, व्यवसाय काय, कोणत्या गावाशी त्याचा खरा संबंध होता, नात्यातलं आणखी कोणी लढाईत होतं का, आणि इतिहास लिहिणाऱ्याला उपयोगी पडेल असं आणखी काही सांगायचं आहे का. कबरीच्या दगडावर घरच्यांना आपल्या शब्दांत ओळ कोरून घेता येई, मोकळ्या जागा धरून 66 अक्षरांची. आज संध्याकाळी वाचल्या जाणाऱ्या कित्येक हकिकतींच्या मागे शंभर वर्षांपूर्वी कुणा बापाने भरून पाठवलेला तो कागद आहे. (त्या देशाचाही हिशेब पुरा नाही. वसाहतकारांशी लढताना मारल्या गेलेल्या तिथल्या मूळ रहिवाशांची नावं या पट्ट्यांवर नाहीत, आणि त्यावरचा वाद अजून मिटलेला नाही.)

कागद वेळेवर भरून घेतला नाही तर काय होतं, ते मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे गावचे 46 जण पहिल्या महायुद्धात कामी आले. इंग्रज सरकारने त्या काळी गावोगावी शिळा बसवल्या. त्यांवर सहसा इतकंच असायचं: या गावातून इतके गेले, त्यांतल्या इतक्यांनी प्राण दिले. त्याच युद्धात इराकमध्ये कुतला 147 दिवसांचा वेढा पडला आणि 29 एप्रिल 1916 ला शरणागती झाली. त्या वेढ्यात 103, 110 आणि 117 या मराठा पलटणी होत्या. त्या मोहिमेत ज्यांचे देह सापडले नाहीत, अशा 40,000 हून अधिक जणांची नोंद बसऱ्याच्या स्मारकावर झाली. गोऱ्या सैनिकांची नावं कोरली, हिंदी अधिकाऱ्यांचीही कोरली. हिंदी शिपायांचा मात्र पलटणवार आकडा लिहिला. 2021 साली राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाने आपल्याच अहवालात कबूल केलं की प्रामुख्याने पूर्व आफ्रिका आणि इजिप्तमधल्या किमान 1,16,000 जणांची, कदाचित 3,50,000 जणांची, नावानिशी नोंद झाली नाही किंवा मुळीच झाली नाही. आयोगाने माफी मागितली. तोवर त्या शिपायांची मुलंसुद्धा बहुधा हयात नव्हती.

परक्या सरकारने शिपायाला आकड्यात मोजलं, याचा राग यायलाच हवा. मग छत्तीसगडच्या बस्तरमध्ये आपण काय करतो आहोत? राणीबोदलीच्या 55 जणांत 39 विशेष पोलीस अधिकारी होते. नाव भारदस्त, पण ही आसपासच्या गावांतली आदिवासी पोरं, तुटपुंज्या मासिक मानधनावर. सर्वोच्च न्यायालयाने 5 जुलै 2011 च्या निकालाने ही भरती बंद पाडली, तेव्हा राज्य सरकारनेच न्यायालयाला सांगितलं होतं की 2005 पासून असे 173 जण मारले गेले आहेत. यांच्यामागे ना मोठं दल, ना रेजिमेंटचा इतिहास. पुसलं जाण्याचा धोका त्यांना सगळ्यांत जास्त. आणि याच लढाईत दोन्हीकडच्या बंदुकांनी मारलेल्या गावकऱ्यांची वही तर वेगळी उघडावी लागेल.

वास्तविक मेलेल्या माणसाचं आयुष्य कसं जपावं हे बस्तरला कुणी शिकवायला नको. माडिया गोंडांच्या गावांत वाटेच्या कडेला मृतकस्तंभ उभे असतात. त्यांवर त्या माणसाच्या आवडीचं कोरतात, रंगवतात: शिकार, नाच, बैल, अलीकडे सायकल आणि मोटरगाडीसुद्धा. वाटसरूला दगड पाहून कळतं की हा माणूस कशात रमायचा. आणि उत्तरेला जशपूर जिल्ह्यात, 2011 साली मारल्या गेलेल्या एका जवानाच्या आईवडिलांनी गावात त्याचा गणवेशातला पुतळा उभा केला आहे. आई तो पुसते, स्वच्छ ठेवते. राखीपौर्णिमेला बहीण त्याच्या मनगटाला राखी बांधते. सरकारी भिंतीवर जे मावत नाही ते या घराने स्वतःच्या हिमतीवर केलं. पण प्रत्येक घराला ते झेपेलच असं नाही.

केंद्र सरकारने माओवाद संपवण्यासाठी 31 मार्च 2026 ही मुदत जाहीर केली होती. किती गावं मोकळी झाली, किती जण शरण आले, याचे तक्ते निघत राहतील. त्यांच्याच जोडीला दोन पानांचं एक प्रश्नपत्रक निघावं, एवढी साधी मागणी आहे. ते हिंदीत, गोंडीत, हलबीत विचारलं जावं. गडचिरोलीसाठी मराठीत आणि माडियात. भरून घ्यायला शिक्षक, पत्रकार, महाविद्यालयातली मुलं हवीत. रायपूरच्या महाराष्ट्र मंडळासारख्या संस्थांना गडचिरोलीकडची बाजू सहज उचलता येईल. घाई एवढ्यासाठीच की 2007 साली वीस वर्षांच्या पोराला गमावलेले आईबाप आता साठीच्या आसपास किंवा पुढे आहेत. बालपणीचं, शाळेचं, पहिल्या पगाराचं सांगू शकतील ते तेच. सुरुवात राणीबोदलीच्या 55 जणांपासून केली, तर रोज एक या गतीने ती यादी दोन महिन्यांच्या आत पुरी होते.