लिनक्सचा प्रोग्रॅम हायकूवर आणताना

ओपन सोर्स प्रोग्रॅमचा कोड सगळ्यांना खुला असतो, त्यामुळे तो कुठल्याही कॉम्प्युटरवर चालेल असं वाटणं साहजिक आहे. प्रत्यक्षात असे बरेचसे प्रोग्रॅम लिनक्सवर लिहिले जातात, लिनक्सवरच तपासले जातात आणि लिनक्सच्या सवयी त्यांच्यात खोलवर मुरलेल्या असतात. या सवयी हुडकून त्या दुसऱ्या सिस्टिमच्या घडणीत बसवायच्या, या कामाला पोर्टिंग म्हणतात. ते समजून घ्यायला हायकू ही हलकी डेस्कटॉप सिस्टिम फार चांगली. टर्मिनल उघडलं की ती ओळखीची वाटते, पण तिचा कर्नल, फाइल सिस्टिम आणि विंडोंची यंत्रणा लिनक्समधून आलेली नाही.

तिची कहाणी थोडक्यात सांगतो. अ‍ॅपलमधून बाहेर पडलेल्या ज्याँ-लुई गासे यांनी १९९० मध्ये बी नावाची कंपनी काढली. तिची बीओएस ही सिस्टिम वेगवान आणि देखणी होती, पण बाजारात टिकली नाही. २००१ मध्ये पाम कंपनीने बीची मालमत्ता विकत घेतली. त्याच वर्षी चाहत्यांनी ती सिस्टिम मुळापासून नव्याने लिहायला घेतली आणि २००४ मध्ये या प्रकल्पाला हायकू हे नाव मिळालं. पहिली अल्फा २००९ मध्ये आली, पाचवी बीटा सप्टेंबर २०२४ मध्ये. ३८४ एमबी मेमरी असलेल्या जुन्या मशीनवरही ती चालावी असा प्रयत्न असतो.

अशा छोट्या प्रकल्पाला ब्राउझर, ऑफिस, चित्रं काढण्याचे प्रोग्रॅम हे सगळं स्वतः लिहिणं शक्य नाही. म्हणून हायकूपोर्ट्स हा संग्रह उभा राहिला. त्यात हजारो ‘रेसिपी’ आहेत. रेसिपी म्हणजे साधी मजकुराची फाइल. प्रोग्रॅमचं वर्णन, त्याचं लायसन्स, सोर्स कोड कुठून उतरवायचा, उतरवलेली फाइल तीच आहे हे पडताळणारी शा-२५६ बेरीज, बिल्डसाठी काय लागतं, चालवताना काय लागतं, आणि शेवटी बिल्ड व इन्स्टॉल करण्याच्या आज्ञा, एवढं तिच्यात असतं. हायकूपोर्टर नावाचा पायथॉनमधला प्रोग्रॅम ती वाचतो आणि पॅकेज तयार करतो.

हायकूपोर्टरची एक गोष्ट मला विशेष आवडते. तो बिल्ड एका बंदिस्त डिरेक्टरीत करतो आणि रेसिपीत नोंदवलेलीच पॅकेजेस तिथे उपलब्ध करून देतो. तुमच्या मशीनवर एखादी लायब्ररी योगायोगाने असेल आणि तुम्ही ती नोंदवायला विसरला असाल, तर बिल्ड तिथेच अडतं. चूक दुसऱ्याच्या मशीनवर पोचण्याआधी तुमच्याच समोर येते.

आता एक छोटा प्रोग्रॅम घेऊ. सी भाषेतला, नेटवर्कशी बोलणारा, फाइली वाचणारा, एक विंडो असलेला.

पहिली अडचण बहुधा कंपाइल सुरू होण्याआधीच येते. जुन्या प्रोग्रॅमसोबत येणारी, मशीन कुठलं ते ओळखणारी स्क्रिप्ट इतकी जुनी असते की तिने हायकूचं नावच ऐकलेलं नसतं. ऑटोटूल्सच्या ताज्या आवृत्तीने ती पुन्हा तयार केली की हा प्रश्न सुटतो. रेसिपीत दोन ओळी वाढतात, इतकंच.

मग लिंकिंग, म्हणजे प्रोग्रॅमला लागणाऱ्या लायब्ररी जोडणं. लिनक्सवर नेटवर्कशी बोलणारी सॉकेटची फंक्शन्स मुख्य सी लायब्ररीतच असतात. हायकूवर ती लिबनेटवर्क या वेगळ्या लायब्ररीत आहेत. उलट गणिताची आणि थ्रेडची फंक्शन्स हायकूच्या मुख्य लिबरूटमध्येच आहेत. बीएसडीकडून आलेली काही फंक्शन्स लिबबीएसडीत सापडतात. कुठलं फंक्शन कुठे राहतं हे एकदा कळलं की या चुका पटापट मिटतात.

त्यानंतर लिनक्सच्याच खास सोयी पुढे येतात. प्रोसेसची माहिती फाइलींच्या रूपात देणारी ‘प्रोक’ डिरेक्टरी हायकूत नाही, एकाच वेळी अनेक कनेक्शनवर नजर ठेवणारा ई-पोल नाही, फाइलींतले बदल कळवणारा आयनोटिफायही नाही. फाइल बदलली की कळवण्यासाठी हायकूचा स्वतःचा नोड मॉनिटर आहे. प्रोग्रॅममध्ये साधा पोल वापरण्याचा पर्याय असेल तर तो निवडायचा, नसेल तर हायकूपुरता वेगळा कोड लिहायचा आणि तो फक्त हायकूवरच कंपाइल होईल अशा अटीत ठेवायचा. ती अट विसरली तर हा पॅच, म्हणजे मूळ कोडवर लावायचा बदल, लिनक्सवर बिल्ड मोडतो आणि मूळ लेखक तो कधीच स्वीकारत नाहीत.

इथवरच्या चुका कंपायलर किंवा लिंकर दाखवतो. यापुढची चूक कुणीच दाखवत नाही, म्हणून तिच्यापाशी जरा थांबू.

फाइल सापडली नाही, परवानगी नाही, मेमरी संपली, अशा प्रत्येक त्रुटीला एक आकडा असतो. लिनक्सवर ‘फाइल सापडली नाही’चा आकडा २ आहे. हायकूवर बीओएसपासूनच हे आकडे ऋण आहेत. त्याच त्रुटीचा आकडा इथे उणे २,१४,७४,५९,०६९ असतो. आता लिनक्सवरची एक रुळलेली पद्धत बघा. फंक्शन फसलं की त्रुटीचा आकडा उणे करून परत पाठवायचा, आणि बोलावणाऱ्याने ‘उत्तर शून्यापेक्षा कमी आहे का’ एवढंच तपासायचं. लिनक्सवर उणे २ मिळतं, ते शून्यापेक्षा कमी, म्हणजे गडबड झाली हे कळतं. हायकूवर मुळातच ऋण असलेला आकडा पुन्हा उणे केला की धन होतो. तपासणी त्याला यश समजते आणि प्रोग्रॅम न उघडलेल्या फाइलीतून वाचायला जातो. कोसळतो तो तिथून खूप पुढे, जिथे मूळ कारणाचा मागमूसही नसतो.

यावर हायकूने तोडगा ठेवला आहे. कंपाइल करताना एक व्याख्या दिली की त्रुटींचे आकडे धन मिळतात, आणि सोबत जोडायची एक लायब्ररी सिस्टिमकडून आलेले आकडे त्या रूपात बदलून देते. पण एक लायब्ररी धन आकडे वापरते आणि तिला बोलावणारा प्रोग्रॅम ऋण, अशी सरमिसळ झाली तर घोळ उलट वाढतो. म्हणून शक्य असेल तिथे तपासणीचीच ओळ दुरुस्त करावी असं माझं ठाम मत आहे. वेळ लागतो, पण दुरुस्ती कायमची होते.

प्रोग्रॅम चालू लागला की फाइलींच्या जागा बघायच्या. हायकूत पॅकेज उलगडून डिस्कवर पसरवत नाहीत. पॅकेजची फाइल आहे तशीच राहते आणि सगळी चालू पॅकेजेस मिळून सिस्टिमची डिरेक्टरी तयार झाल्यासारखी दिसते. ती फक्त वाचता येते. पॅकेज काढलं की त्याचा सिस्टिममधला मागमूस उरत नाही, आणि काही बिघडलं तर आधीच्या स्थितीत बूट करता येतं. पण जो प्रोग्रॅम स्वतःच्या इन्स्टॉल डिरेक्टरीत सेटिंग किंवा लॉग लिहायला जातो, तो इथे अडतो. त्याला वापरणाऱ्याच्या सेटिंगच्या डिरेक्टरीकडे वळवावं लागतं. तो रस्ता हायकूलाच विचारायचा, कोडमध्ये पक्का लिहून ठेवायचा नाही.

विंडोचं काम सगळ्यात मोठं. हायकूत प्रत्येक विंडोचा स्वतंत्र थ्रेड असतो. एक विंडो कामात गुंतली तरी बाकीच्या हलत्या राहतात, आणि जुन्या मशीनवर हायकू चपळ वाटते त्यात या रचनेचा मोठा वाटा आहे. विंडो आणि बटणं पुरवणारे लिनक्सवरचे टूलकिट मात्र सगळं चित्रण एकाच मुख्य थ्रेडमधून होईल असं गृहीत धरतात. म्हणून हायकूवरच्या क्यूटी या टूलकिटमध्ये मध्यस्थ आहे: विंडोच्या थ्रेडला माउस किंवा कीबोर्डचा संदेश मिळाला की तो रांगेत टाकून क्यूटीच्या मुख्य थ्रेडकडे देतो. हा मध्यस्थ एकदा नीट झाला की क्यूटीवरचे असंख्य प्रोग्रॅम थोड्या कष्टांत येतात. एक्स-११ आणि वेलँड या लिनक्सवरच्या विंडो यंत्रणांचं सोंग घेणारे थरही आता आहेत, त्यातून जीटीके या दुसऱ्या टूलकिटवरचे प्रोग्रॅम चालतात. सोय मोठी आहे, तरी अशा प्रोग्रॅमची बटणं, मेनू आणि शॉर्टकट हायकूच्या वळणाचे नसतात, आणि हायकू मनापासून वापरणाऱ्याला ते खटकतं.

मराठी वाचकाला इथे एक फरक सहज दिसेल. हायकूची स्वतःची अक्षरजुळणी एका कॅरेक्टरला एक आकार देत जाते, त्यामुळे तिच्या स्वतःच्या प्रोग्रॅममध्ये जोडाक्षरं सुटी पडतात आणि ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी येण्याऐवजी नंतर जाऊन बसते. क्यूटी मात्र हार्फबझ ही अक्षरजुळणीची लायब्ररी वापरतं. म्हणून पोर्ट करून आणलेल्या क्यूटी प्रोग्रॅममध्ये, देवनागरी फॉन्ट असेल तर, ‘क्षितिज’ नीट उमटतं. आपल्या भाषेपुरतं तरी बाहेरून आणलेलं सॉफ्टवेअर इथे घरच्यापेक्षा पुढे आहे, आणि ही उणीव हायकूत भरून निघावी असं मला फार वाटतं.

एवढं झालं की हायकूच्या छोट्या व्हेक्टर स्वरूपातला आयकॉन जोडायचा, प्रोग्रॅम कुठल्या प्रकारच्या फाइली उघडतो ते नोंदवायचं, आणि सगळे बदल पॅचच्या फाइलीत काढून रेसिपीशेजारी ठेवायचे.

काम इथे संपत नाही. मूळ प्रोग्रॅमची नवी आवृत्ती येते, आजूबाजूच्या ओळी बदललेल्या असतात आणि जुना पॅच लागत नाही. पॅच जितका मोठा तितका हा जाच जास्त. यातून सुटण्याचा मार्ग एकच: बदल नीट समजावून मूळ लेखकांकडे पाठवायचा. सीमेक हे बिल्डचं साधन आणि एसडीएल ही लायब्ररी यांच्या मूळ कोडमध्ये हायकूचा आधार असाच सामावलेला आहे. बदल तिथे स्वीकारला गेला की पुढच्या रेसिपीतून पॅचची नोंद काढून टाकता येते.

सुरुवात करायची असेल तर विंडो नसलेला, टर्मिनलवर चालणारा छोटा प्रोग्रॅम निवडावा, शक्यतो आधीच रेसिपी असलेला पण मागे पडलेला. आवृत्तीचा आकडा बदलायचा, नवी शा-२५६ बेरीज टाकायची, हायकूपोर्टर चालवायचा आणि पहिली चूक कुठे येते ते वाचायचं.