वीज हवी, वाहिनी नको?

१२ ऑक्टोबर २०२० रोजी, सोमवारी सकाळी दहाच्या सुमारास, मुंबई महानगरीचा वीजपुरवठा अकस्मात खंडित झाला. लोकल गाड्या रुळांवर जागच्या जागी थांबल्या, आणि महामारीने आधीच गांजलेल्या रुग्णालयांना जनित्रांचा आश्रय घ्यावा लागला. शहराकडे वीज आणणाऱ्या अतिउच्च दाबाच्या वाहिन्यांपैकी एक देखभालीसाठी बंद होती. तिच्या जोडीच्या वाहिन्याही बंद पडल्या. अशा प्रसंगी मुंबईला उर्वरित जाळ्यापासून अलग करून वाचविण्यासाठी १९८१ पासून असलेली व्यवस्थाही त्या दिवशी कामी आली नाही. त्या दिवशी वीज नव्हती असे नाही. ती शहरात येण्यास वाट नव्हती.

मुंबईची वीज मुळापासूनच दुरून आलेली आहे. १९१५ साली खोपोलीची जलविद्युत तारांवरून येथल्या गिरण्यांत पोचली, तेव्हा वाटेत भातखाचरे आणि मिठागरे होती. आज उन्हाळ्यात शहराची मागणी ४,००० मेगावॅटच्या वर जाते. मागणीची भर बाहेरूनच भागवावी लागणार, आणि वाटेत आता माणसांची दाटी आहे. ४०० किलोव्होल्टच्या दुहेरी वाहिनीस ४६ मीटर आणि २२० किलोव्होल्टच्या वाहिनीस ३५ मीटर रुंदीचा पट्टा मोकळा लागतो. ज्या वस्तीत दोन चाळींमधून हातगाडी जेमतेम जाते, तेथे हा पट्टा काढावयाचा कोठून, हा खरा प्रश्न आहे.

खारघर ते विक्रोळी ही ४०० किलोव्होल्टची वाहिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये कार्यान्वित झाली. तिची गरज मात्र २०२० च्या अंधारापूर्वी कितीतरी आधी मान्य झालेली होती. गरज मान्य होणे आणि तार ओढली जाणे यांमध्ये इतकी वर्षे का जावीत? अधिकारी म्हणतात, लोक विरोध करतात. लोक म्हणतात, आम्हांला कोणी विचारलेच नाही. आमच्या मते दोघांचेही म्हणणे खरे आहे, आणि दुसरे हे पहिल्याचे कारण आहे.

मंजुरीची रीत पाहावी. पारेषण परवान्याच्या अर्जाची सूचना वर्तमानपत्रांत येते, विद्युत नियामक आयोग आक्षेप मागवितो. परंतु तेथील वाद मुख्यतः क्षमतेचा आणि खर्चाचा असतो. मनोरा नेमका कोणत्या मैदानाच्या कोपऱ्यात उभा राहणार, हे सर्वसामान्य रहिवाशास फार उशिरा कळते. २००३ च्या विद्युत कायद्याच्या १६४ व्या कलमाने १८८५ च्या तार कायद्यातील अधिकार पारेषण कंपन्यांस देण्याची सोय केली. ज्या कंपनीला ते मिळाले, तिला जागामालकाच्या संमतीसाठी थांबण्याचे कारण उरले नाही. शक्य तितके कमी नुकसान करावे आणि पूर्ण भरपाई द्यावी, एवढेच बंधन राहिले. अडवणूक झाल्यास जिल्हाधिकाऱ्यांचे दार. पर्यावरणीय जनसुनावणीची २००६ ची अधिसूचना पारेषण वाहिन्यांस लागूच नाही. कांदळवने आड आली तर २०१८ च्या निर्णयानुसार उच्च न्यायालयाची अनुमती घ्यावी लागते. म्हणजे तिवरांच्या वतीने न्यायालय विचारणा करते. माणसांच्या वतीने मार्ग ठरण्यापूर्वी विचारणा करणारे कोणीच नाही!

तथापि रहिवाशांनाही चार शब्द सांगणे आमचे कर्तव्य आहे. वाहिन्या सरसकट जमिनीखालून न्या, ही मागणी ऐकावयास सोपी आहे. कुडूस ते आरे या १,००० मेगावॅटच्या एकदिश प्रवाहाच्या वाहिनीचा सुमारे ८० किलोमीटरपैकी ५० किलोमीटरचा मार्ग भूमिगत आखला गेला, हे खरे. परंतु भूमिगत केबलचा खर्च उघड्या तारेच्या अनेक पट येतो आणि तो अखेरीस वीजबिलातूनच वसूल होतो. तिच्यासाठी रस्ते खणावे लागतात. आणि तार तुटली तर बहुधा काही तासांत जोडता येते, केबल बिघडली तर दोष शोधण्यात आणि सांधण्यात आठवडे जाऊ शकतात. आरोग्याच्या भयाविषयीही तारतम्य हवे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००२ साली अशा चुंबकीय क्षेत्रांस 'कदाचित कर्कजनक' म्हटले. त्या वर्गात पुरावा मर्यादित असतो, सिद्धता नव्हे. अंतर वाढते तसे हे क्षेत्र झपाट्याने क्षीण होते. म्हणून भय हसण्यावारी नेऊ नये आणि अफवेवरही सोडू नये. मोजमाप करून ते आकडे वस्तीच्या फलकावर लावावेत.

आमची सूचना साधी आहे. मार्ग कायम करण्यापूर्वी किमान दोन पर्यायी मार्गांचे नकाशे, त्यांचा खर्च आणि त्यांत बाधित होणारी घरे यांसह, प्रभाग कार्यालयात मराठीत लावावेत. त्यानंतर वस्तीतच सुनावणी घ्यावी, आणि प्रत्येक आक्षेपास लेखी, सकारण उत्तर द्यावे. हे सारे ठरावीक मुदतीत संपवावे; मुदत संपल्यावर मात्र निर्णय सर्वांनी मानावा. महापालिकेने विकास आराखड्यातच या पट्ट्यांची जागा राखून ठेवावी, आणि राखलेल्या जागेवर इमारतींना परवानगी देण्याचा मोह आवरावा. रस्ता आणि जलवाहिनी आपण आधी आखतो. विजेची वाट तेवढी इमारती उभ्या राहिल्यावर शोधतो.

एका वस्तीने आपल्या माथ्यावरून तार जाऊ द्यावी, ही तिने शहरासाठी सोसलेली झीज असते. तशी झीज मागण्याचा अधिकार शासनास आहे. न विचारता ती लादण्याचा नाही. विचारण्यात जे काही महिने जातील, ते पुढे न्यायालयात जाणारी वर्षे वाचवतील. पुढची वाहिनी आखण्यापूर्वी तरी शासनाने हा हिशेब मांडून पाहावा.