भाषांतरकार आणि त्याचा गोतावळा

तळेगांव दाभाडे येथें 1908 सालीं पैसा फंडाच्या द्रव्यांतून कांचेचा कारखाना उभा राहिला. कांच करावयाची तर वाळू, सोडा व चुना लागतात. तीं वितळविण्यास मूस लागते. आणि मूस भाजावयाची तर आधीं दुसरी भट्टी पेटलेली असावी लागते. आज त्याच तळेगांवापासून चाकण-पिंपरीपर्यंतच्या कारखान्यांतून संगणकांवर जें काम चालतें, त्यासहि हाच न्याय लागू आहे.

मनुष्यानें ‘सी’सारख्या भाषेंत लिहिलेला मजकूर यंत्राच्या भाषेंत उतरविणाऱ्या भाषांतरकारास कंपायलर म्हणतात. लिनक्सवर रूढ असलेला जीसीसी रिचर्ड स्टॉलमन यांनीं 1987 सालीं प्रथम प्रसिद्ध केला. मुंबईस पवईच्या आय. आय. टी. मध्यें प्रा. उदय खेडकर यांच्या नेतृत्वाखालीं त्याच्या अभ्यासाचें केंद्रहि चालविलें गेलें.

हा भाषांतरकार एकटा येत नाहीं. त्याच्यामागें गोतावळा असतो. प्रचंड संख्यांचें गणित करणारें जीएमपी, अपूर्णांकांसाठीं एमपीएफआर व संमिश्र संख्यांसाठीं एमपीसी, अशीं तीन साधनें त्याच्या बांधणीस लागतात. तीं परस्परांशीं जुळणारींच हवींत. जीसीसीच्या मूळ संचांतील एक लहानशी आज्ञावली योग्य आवृत्त्या आणून देते, तिचा उपयोग करावा हें उत्तम.

दुसरी अडचण शिडीची आहे. नवा कंपायलर बांधण्यास जुना कंपायलरच लागतो. सेंटओएस 7 या प्रणालींत 4.8.5 ही आवृत्ति होती. तिच्या साहाय्यानें 14 वी आवृत्ति बांधतां येते. 15 वी मात्र येत नाहीं, कारण तीस निदान 5.4 लागते. म्हणून मध्यें एक पायरी घ्यावी लागते.

तिसरी अडचण सर्वांत फसवी. नव्या कंपायलरनें केलेला कार्यक्रम चालूं होतांना नवेंच सी++ ग्रंथालय मागतो. यंत्रावर जुनें असल्यास तो चालण्याचें नाकारतो. येथें उतावळा मनुष्य प्रणालीचें मूळ सी-ग्रंथालय, म्हणजे जीलिबसी, बळेंच बदलूं पाहतो. पण तें जवळजवळ प्रत्येक आज्ञेच्या मुळाशीं असतें. तें बिघडलें कीं फाइलींची यादी दाखविणारी साधी आज्ञाहि चालत नाहीं, आणि दुरुस्तीचीं हत्यारेंच हातून जातात. यंत्र अनेकांचें सामाईक असेल, तर एकाच्या घाईपायीं सर्वांचें काम थांबतें.

यास्तव शहाणपणाचा मार्ग असा: नवा कंपायलर निराळ्या कप्प्यांत बांधावा, जुन्यास हात लावूं नये, नव्या ग्रंथालयाचा पत्ता केवळ नव्या कार्यक्रमांसच द्यावा, आणि ज्या सी++ साधनांवर ते अवलंबून असतील, तींहि शक्यतों त्याच कंपायलरनें पुन्हां बांधून घ्यावीं. विशेषतः 2015 सालच्या 5 व्या आवृत्तींत अक्षरमालिका सांठविण्याची रीत बदलल्यामुळें, तिच्या अलीकडचें व पलीकडचें एकत्र जोडल्यास पुष्कळदां जुळत नाहीं.

चुका सांगणारा संदेश लांबलचक असला तरी पहिली ओळ प्रथम वाचावी. पुढच्या ओळी बहुधा तिचाच परिणाम असतात. नवी भट्टी तापून तींतून चांगली कांच निघेपर्यंत जुनी विझवूं नये, एवढें पथ्य पाळलें म्हणजे पुष्कळ रात्रींची झोंप वांचते.