हाऊस संगीताची रात्र : लय, जागा आणि प्रवेशद्वार

नृत्यसंगीताचा विचार करताना अभ्यासकाचे लक्ष स्वाभाविकपणे स्वर, लय आणि शब्द यांकडे जाते. ते संगीत कोणत्या जागेत, कोणासाठी आणि कोणत्या अटींवर वाजविले गेले, हा प्रश्न बहुधा दुय्यम मानला जातो. अमेरिकेतील शिकागो शहरात उदयास आलेल्या ‘हाऊस’ संगीताच्या बाबतीत मात्र हा क्रम उलटा करावा लागतो. हे संगीत आज जगभरच्या क्लबांतून ‘सर्वसमावेशक’ या विशेषणासह सादर केले जाते. ही सर्वसमावेशकता त्या संगीताच्या घडणीतच आहे, की ते ज्या रात्री वाजविले जाई त्या रात्रीच्या व्यवस्थेत आहे, याचा विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१. दोन बंद दरवाजे

समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून वगळणारे अमेरिकेतील पहिले राज्य इलिनॉय हे होय. हा कायदा १९६१ साली संमत झाला व १९६२ पासून अमलात आला. तथापि कायद्यातील बदल आणि समाजव्यवहारातील बदल या भिन्न गोष्टी आहेत. त्यानंतरही शिकागोतील कृष्णवर्णीय समलिंगी तरुणापुढे दोन दरवाजे बंदच राहिले. स्वतःच्या वस्तीत त्याला आपली ओळख लपवावी लागे. आणि गौरवर्णीय समलिंगी ग्राहकांच्या मद्यगृहांतून त्याच्याकडे एकाहून अधिक ओळखपत्रे मागून त्याला दारातूनच परत पाठविण्याची रीत रूढ होती. पीडितांच्या समूहातही पुन्हा वर्णाची उतरंड असते, ही गोष्ट येथे ध्यानात ठेवावयास हवी.

या कोंडीतून बाहेर पडण्याची एक वाट न्यूयॉर्कमध्ये सापडली होती. डेव्हिड मॅन्कूसो यांनी १४ फेब्रुवारी १९७० रोजी ब्रॉडवेवरील आपल्या राहत्या जागेत निमंत्रितांसाठी नृत्यरात्र भरविली आणि पुढे तो परिपाठच पडला. तेथे मद्य विकले जात नसे. या रात्रींशी परिचित असलेले रॉबर्ट विल्यम्स यांनी तोच नमुना शिकागोत नेला. साउथ जेफरसन मार्गावरील २०६ क्रमांकाची औद्योगिक वस्तीतील इमारत त्यांनी निवडली; तिचे नाव लोकांत ‘वेअरहाऊस’, म्हणजे गोदाम, असे पडले. १९७७ साली न्यूयॉर्कच्या फ्रँकी नकल्स यांना तेथे डीजे म्हणून पाचारण करण्यात आले. ‘हाऊस’ ही संज्ञा या गोदामाच्याच नावाचा उत्तरार्ध होय, अशी तिची रूढ व्युत्पत्ती आहे. येणाऱ्यांत कृष्णवर्णीय व लॅटिन समलिंगी तरुण बहुसंख्य होते. कालांतराने इतरही येऊ लागले. शनिवारी रात्री सुरू झालेले नृत्य रविवारचा दिवस उजाडल्यावरही चालू राही.

२. लयीची घडण

आता संगीताकडे वळू. हाऊस संगीताची गती साधारणतः मिनिटाला १२० ते १३० आघात इतकी असते. म्हणजे प्रत्येक आघात सुमारे अर्ध्या सेकंदाने येतो. चार मात्रांच्या आवर्तनात प्रत्येक मात्रेवर मोठ्या ढोलाचा सारखाच आघात असतो. आपल्या तालपद्धतीशी परिचित असलेल्या वाचकाला यातील वेगळेपण चटकन जाणवेल. त्रितालात सम आणि खाली यांमुळे आवर्तनाला चढउतार येतो व समेवर येण्यासाठी तालीम लागते. हाऊसच्या पायाभूत आघातात असा भेद जवळजवळ नाहीच. त्यामुळे नवख्या माणसालाही कोणत्याही मात्रेवर पाऊल टाकून नृत्यात सामील होता येते. जोडीदाराची गरज नसते. पुरुषाने पुढाकार घ्यावा आणि स्त्रीने अनुसरावे, हा जोडीनृत्याचा संकेतही येथे उरत नाही.

ही लय अखंड ठेवणे हे डीजेचे कौशल्य. त्याच्यापुढे दोन फिरत्या तबकड्या असतात. एकीवरील गीत मिनिटाला १२० आघातांचे आणि दुसरीवरील १२४ आघातांचे असेल, तर पहिलीचा वेग तीन टक्क्यांहून थोडा अधिक वाढवून दोहोंचे आघात तंतोतंत जुळविले जातात. मग एकीचा आवाज हळूहळू उतरवून दुसरीचा चढविला जातो. नकल्स याखेरीज ध्वनिफितीचे तुकडे जोडून गीतातील नृत्यास अनुकूल असा भाग लांबवीत. १९८३ साली बाजारात आलेल्या रोलँड टीआर-९०९ सारख्या तालयंत्रांनी पुढे हाच आघात अधिक ठसठशीत केला. जेसी सॉन्डर्स यांची १९८४ मधील ‘ऑन अँड ऑन’ ही तबकडी या प्रकारातील सर्वांत आरंभीच्या प्रकाशित ध्वनिमुद्रिकांत गणली जाते.

३. रचना पुरेशी आहे काय?

येथवरच्या विवेचनावरून, लयच सर्वांना सामावून घेते, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होईल. परंतु इतिहास त्याला दुजोरा देत नाही. हाऊसची जननी जी डिस्को, तिचीही लय तितकीच सुगम होती. तरीसुद्धा १२ जुलै १९७९ रोजी शिकागोच्या कोमिस्की पार्क क्रीडांगणावर, बेसबॉलच्या दोन सामन्यांच्या मध्यंतरात, डिस्कोच्या तबकड्यांचा ढीग स्फोटाने उडविण्यात आला. तबकडी आणणाऱ्यास ९८ सेंटांत प्रवेश होता. जमाव मैदानात घुसल्याने दुसरा सामना होऊ शकला नाही. त्या दिवशी तेथे प्रेक्षकांना जागा दाखविण्याचे काम करणारे विन्स लॉरेन्स यांनी पुढे सांगितले की, आणलेल्या तबकड्यांत केवळ डिस्कोच नव्हे, तर कृष्णवर्णीय कलावंतांचे अन्य संगीतही होते. हेच लॉरेन्स पुढे ‘ऑन अँड ऑन’चे सहनिर्माते झाले. लय तीच, मात्र ती कोणाची म्हणून ओळखली जाते, यावर तिचे स्वागत वा तिरस्कार अवलंबून राहिला.

दुसरा पुरावा खुद्द वेअरहाऊसचा. लोकप्रियतेबरोबर तेथील व्यवहार अधिक व्यापारी झाला आणि प्रवेशशुल्क वाढले. १९८२ च्या अखेरीस नकल्स यांनी ती जागा सोडून ‘पॉवर प्लांट’ हा स्वतःचा क्लब काढला, आणि जुन्या मंडळींपैकी पुष्कळजण त्यांच्यामागून गेले. विल्यम्स यांनी रॉन हार्डी या प्रतिभावान डीजेसह ‘म्युझिक बॉक्स’ चालविला, व तोही तितकाच गाजला. म्हणजे एक जागा मोडली तरी परंपरा खंडित झाली नाही; जेथे दार पुन्हा आपल्यासाठी उघडे दिसले, तेथे लोक गेले. १९८० च्या दशकात एड्सने याच समाजातील असंख्य तरुण नेले, तेव्हा अशा रात्रींना आप्तांच्या मेळ्याचे स्वरूप आले, हेही विसरता येत नाही. ज्यांना घरातून बाहेर काढले गेले, त्यांच्यापैकी कित्येकांचे घर तेच होते.

४. आजचा निकष

शिकागोच्याच ‘स्मार्टबार’मध्ये अलीकडच्या काळात नावारूपास आलेल्या ‘क्वीन!’ या रविवारच्या रात्रीत डेरिक कार्टर व मायकेल सेराफिनी यांच्यासारख्या डीजेंबरोबर ड्रॅग कलावंत यजमान म्हणून वावरले. यजमानपद ही येथे शोभेची बाब नव्हे. प्रथमच येणाऱ्याला दारात कोण भेटते, यावर ती रात्र कोणाची हे त्याला कळते. म्हणूनच आज एखादी नृत्यरात्र सर्वसमावेशक आहे किंवा नाही, हे जाहिरातपत्रकावरील नावांवरून ठरवू नये. प्रवेशशुल्क किती आहे, दारावरचा माणूस कोणाला अडवितो, मंचावरील कलावंताला योग्य मानधन मिळते काय, आणि पहाटे घरी परतणाऱ्याच्या सुरक्षिततेची काळजी कोण घेते, हे प्रश्न विचारावयास हवेत.

फ्रँकी नकल्स ३१ मार्च २०१४ रोजी निवर्तले. शिकागो महापालिकेने २००४ साली जेफरसन मार्गाच्या एका भागास त्यांचे नाव दिले आणि २०२३ साली गोदामाच्या इमारतीस संरक्षित वास्तूचा दर्जा दिला. हे उचितच झाले. परंतु संरक्षण भिंतींना मिळाले. त्या भिंतींच्या आत जी व्यवस्था उभी राहिली, तिला असा दर्जा देता येत नाही. ती प्रत्येक रात्री, प्रत्येक दाराशी नव्याने उभारावी लागते. संगीताच्या अभ्यासकाने ध्वनिमुद्रिकेबरोबर तिकिटाचा दर आणि दारावरील नियमही टिपून ठेवावेत, अशी सूचना करून हे विवेचन आटोपते घेतो.